स्लेज घरी बनवताना आधी दांड्यांचा विचार करावा

प्रश्न : आम्ही चौघे मित्र सह्याद्रीत नेहमी भटकतो. येत्या जानेवारीत लाहौल खोऱ्यात बर्फावर तंबू ठोकून काही रात्री राहण्याचा बेत आहे. हिवाळी सामानामुळे प्रत्येकाची सॅक वीस किलोंच्या वर जाते, म्हणून सामान ओढून नेण्यासाठी घरीच स्लेज बनवावी असे वाटते. बोहरी आळीत प्लॅस्टिकचा एक मोठा लांबट टब पाहिला आहे. त्याला नायलॉनची दोरी बांधून ओढल्यास काम भागेल का? पुण्यात बर्फ नसताना चाचणी कशी घ्यावी?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : टबाने काम भागणार नाही, आणि नुसत्या दोरीने तर मुळीच नाही. टब उलटा करून पाहिल्यास तळावर बाणांचा छोटा त्रिकोण आणि त्यात एक आकडा बहुधा सापडेल. आकडा ५ असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा आहे. साधे पॉलिप्रॉपिलीन तापमान शून्याखाली गेले की ठिसूळ होऊ लागते आणि बर्फाखालच्या दगडावर आपटल्यास तडकू शकते. आकडा २ म्हणजे एचडीपीई. रसायनांची निळी पिंपे याच प्लॅस्टिकची असतात आणि लाहौलच्या थंडीतही ते चिवट राहते. शिवाय टबाची पुढची बाजू जवळजवळ उभी असल्यामुळे तो बर्फावर चढत नाही, बर्फ पुढे ढकलत राहतो.

त्यापेक्षा ४ मिलिमीटर जाडीची एचडीपीई शीट घ्यावी. १३० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद तुकड्याचे वजन तीन किलोंच्या आसपास भरते. पुढचा हातभर भाग हॉट एअर गनने सावकाश तापवून वर वळवावा आणि दोन्ही कडा आठ-दहा सेंटिमीटर उभ्या कराव्यात. गन एकाच जागी धरून ठेवू नये, कारण हे प्लॅस्टिक १३० अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते आणि तेवढ्या जागी शीट पातळ पडते. एचडीपीईवर गोंद किंवा इपॉक्सी नीट धरत नाही, त्यामुळे सर्व जोड मोठे वॉशर लावलेल्या नटबोल्टनेच करावेत.

मात्र स्लेज नीट चालणार की छळणार, हे शीटपेक्षा दांड्यांवर ठरते. सपाटीवर दोरी चालून जाते. उतार लागला की भरलेली स्लेज मागून येऊन पोटऱ्यांवर आदळते आणि आडव्या उतारावर खाली घसरून ओढणाऱ्यालाही सोबत खेचते. बैलगाडी उतारावर बैलांच्या अंगावर येत नाही ती दांडीमुळे. इथेही तेच काम दोन ताठ दांड्यांनी करायचे असते. साधारण पावणेदोन मीटर लांबीच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घ्याव्यात आणि बस-रेल्वेत नेता याव्यात म्हणून त्या दोन-दोन तुकड्यांत जोडण्याजोग्या कराव्यात. प्रत्येक नळीतून दोरी ओवून ती एका टोकाला स्लेजला व दुसऱ्या टोकाला कंबरपट्ट्याला घट्ट बांधावी, म्हणजे नळी मोडली तरी स्लेज सुटून जाणार नाही. दोन्ही दांड्या पाठीमागे फुलीसारख्या एकमेकींना छेदून लावाव्यात. त्यामुळे वळताना स्लेज आपल्या पाऊलवाटेच्या बरीच जवळून येते. वीजजोडणीचे पीव्हीसी पाइप स्वस्त असले तरी वापरू नयेत, कारण थंडीत ते ठिसूळ होतात. खात्री करायची असल्यास वीतभर तुकडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावा, सकाळी बाहेर काढताच फडक्यात गुंडाळून हातोडीने ठोकावा आणि त्याच थंडीतून काढलेला एचडीपीईचा तुकडाही तसाच ठोकून पाहावा. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांपर्यंतच जातो आणि लाहौलमधील रात्र त्याहूनही थंड असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

कंबरपट्टा नवा विकत घेण्याची गरज नाही. जुन्या सॅकचा रुंद पट्टा काढून ताडपत्री शिवणाऱ्याकडून त्याच्या दोन्ही बाजूंना मजबूत कड्या शिवून घ्याव्यात. ओढ खांद्यावर न येता कंबरेवर यावी आणि पट्टा एका झटक्यात सोडता यावा, एवढे पाहिले की पुरे.

आता भाराविषयी. दाबलेल्या बर्फावर ३० किलोंची स्लेज सपाटीवर ओढायला साधारण तीन-चार किलोंचा जोर पुरतो, पण १० अंशांच्या चढावर त्यात पाच किलोंची भर पडते आणि २० अंशांवर दहा किलोंची. भुसभुशीत बर्फात हे आकडे आणखी वाढतात. म्हणून स्लेज रुंद खोऱ्यातल्या सौम्य चढ-उतारांसाठीच घ्यावी. केदारकंठासारख्या झाडीतून चढणाऱ्या वाटेवर तिचे ओझेच होईल. झंस्करच्या चादरवर स्थानिक हमाल लाकडी स्लेज ओढतात, तेही गोठलेल्या नदीच्या सपाटीमुळे शक्य होते. जड सामान तळाशी, मध्याच्या किंचित मागे ठेवावे. पिसांचे जाकीट, पाणी, प्रथमोपचार आणि फावडे मात्र पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये असावे, कारण प्रसंगी स्लेज सोडून द्यावी लागते. अटल बोगद्यामुळे लाहौल हिवाळ्यातही गाठता येत असले तरी तिथे हिमस्खलनाचा धोका मोठा आहे. तंबू कोठे ठोकावा, हे प्रशासनाच्या सूचना पाहून व तिथल्या गावकऱ्यांना विचारूनच ठरवावे.

चाचणीसाठी वेताळ टेकडीवरील वाळलेल्या गवताचा उतार पुरेसा आहे. स्लेज किती सहज घसरते हे तिथे कळणार नाही, कारण गवताचे घर्षण फार असते. पट्टा कुठे काचतो, दांड्यांची टोके कुठे अडकतात, आडव्या उतारावर स्लेज कलंडते का आणि उतरताना टाचेला लागते का, हे मात्र सगळे कळते. कलंडत असेल तर सामान आणखी खाली बसवावे आणि बाजूला घसरत असेल तर तळाच्या मागच्या भागात ॲल्युमिनियमच्या दोन लहान अँगल-पट्ट्या उभ्या लावाव्यात.

प्रश्न : लाकडी फळीच्या तळाला गॅल्व्हनाइज्ड पत्रा ठोकला तर?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : टिकाऊ होईल, पण ओढवणार नाही. थांब्यावर पत्र्याखाली बर्फ गोठून चिकटतो आणि कडाक्याच्या थंडीत धातू कोरड्या बर्फावर वाळूवर ओढल्यासारखा अडतो. फळी तयारच असेल तर तळाला एचडीपीईची पातळ शीट बोल्टने बसवावी आणि बोल्टची डोकी शीटमध्ये बुडतील अशी घ्यावीत.