संशोधन लोकांपर्यंत पोचवायला भारी फोटो काढण्यात वेळ घालवावा का?

तुम्ही विचारलंय की पीएचडी चालू असताना आपलं काम साध्या माणसाला कळावं म्हणून चांगले फोटो काढत बसावं का, कारण तुमचे गाइड म्हणतात हा सगळा दिखावा आहे. माझं मत, बसावं. फक्त फोटो असा पाहिजे की पाहणारा उठून आपल्या वावरात जाईल आणि तेच स्वतः तपासून पाहील. नुसता वा वा म्हणून पुढे सरकला तर मग गाइडचंच बरोबर आहे.

मी वर्धा जिल्ह्यातला, हिंगणघाटच्या बाजूचा. घरी कपाशी आहे, बीएस्सी ॲग्री झालं आणि आता गावोगावी कीड ओळखायला शिकवतो, त्यामुळे गुलाबी बोंडअळीवरूनच सांगतो. हिचं अंडं जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचं, त्यातून निघालेली अळी बोंडात शिरली की बोंड वाढता वाढता ते छिद्रच बुजून जातं, म्हणजे बाहेरून बोंड हिरवंगार टणक आणि आत अळी सरकी खात बसलेली, आणि फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. हे सगळं पत्रकात छापलेलं असतं. पण ज्याला धुऱ्यावरून झाड मस्त दिसतंय तो पत्रकावर काऊन विश्वास ठेवेल? २०१७ ला विदर्भात हेच झालं, वेचणी सुरू झाली तेव्हा कुठं बोंडं किडकी आहेत हे कित्येकांना कळलं.

म्हणून मी एकाच बोंडाचे दोन फोटो काढतो. एक अख्ख्या बोंडाचा, दुसरा तेच बोंड ब्लेडनं उभं चिरून, तोच पांढरा कागद, तोच सकाळचा उजेड, तोच कोन. देठ आणि सालीवरचा एखादा डाग दोन्हीत दिसला पाहिजे म्हणजे बोंड बदललं अशी शंका कोणाला येत नाही. मोबाइलला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक वस्तू जवळून मोठी दाखवणारी भिंग, यासाठी पुरते, मोठा कॅमेरा लागत नाही. गावातल्या एका काकांनी ते दोन फोटो पाहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "थांब बा, माह्या वावरातले आणतो." आणले, तिथेच चिरले. शास्त्रज्ञ जे सांगतात की २० हिरवी बोंडं चिरून पहा, दोनात अळी निघाली म्हणजे १० टक्के झालं, आता फवारणीचा विचार करा, ते त्या काकांनी त्या दिवशी स्वतःच्या हातानं केलं. मी भाषण दिलं असतं तर झालं नसतं हे मी खात्रीनं सांगतो. डोमकळीचंही तसंच आहे, अळीनं पाकळ्या धाग्यानं बांधून टाकलेल्या असतात, फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं, एकदा फोटोत ओळखलं की मग वावरात चालता चालता ती आपोआप नजरेत भरते.

आता दुसरी बाजू, आणि याबाबत मी फार कडक आहे. जबरदस्त फोटो माणसाला घाबरवूही शकतो. ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी मॅक्रोमध्ये काढून पहा, काळी, काटेरी, अंगावर येईल अशी दिसते. ती मावा, म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड खाते, शेतकऱ्याची दोस्त आहे, पण तिचा नुसता फोटो ग्रुपवर टाकला की पहिला प्रश्न येतो "भाऊ कोणतं औषध मारू?" आमच्याकडे हा प्रश्न साधा नाही. त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी आणि मजूर गेले. त्यामुळे मोठा करून दाखवलेल्या प्रत्येक किड्याशेजारी आगकाडी नाहीतर एक रुपयाचं नाणं ठेवाच म्हणजे खरा आकार कळतो, आणि तो काय खातो ते त्याच फ्रेममध्ये दिसू द्या, ढालकिड्याची अळी असेल तर मावा खाताना काढा.

लोणारचं आठवतं का, जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं होतं? फोटो एका दिवसात सगळीकडे गेला, उपग्रहाचासुद्धा. कारण मात्र मागून आलं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खारात जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढले, त्यांच्या रंगद्रव्यानं पाणी गुलाबी दिसलं, पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेनं ते तपासून सांगितलं. पण तोवर चमत्कार म्हणून पाहून झालं होतं, दुसऱ्यांदा कोण वाचतो. पहिल्याच फोटोवर एक ओळ असती तर फार फरक पडला असता असं मला अजूनही वाटतं.

रंगाबद्दल खरं बोला. २०१९ मध्ये आलेला एम८७ नावाच्या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा केशरी फोटो रेडिओ लहरींवरून बनवलेला आहे, केशरी रंग माणसानं दिलेला, आणि त्यात काही वाईट नाही कारण तसं सांगितलेलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात विज्ञानाचे फोटो काढणाऱ्या फेलिस फ्रँकेल यांनीही पाण्याच्या थेंबांना रंग देऊन काढलेला फोटो १९९२ मध्ये सायन्स मासिकाच्या मुखपृष्ठावर आला होता, हे गाइडना सांगून पहा, कदाचित ऐकतील. रंग तुम्ही दिला असेल तर तसं लिहा, बस.

आणि एक कामाची गोष्ट. व्हॉट्सॲपवर फोटो फॉरवर्ड होत होत खालचा मजकूर गळून पडू शकतो, म्हणून महिना, तालुका, किडीचं नाव आणि "काय करायचं" ही एक ओळ फोटोवरच मोठ्या अक्षरात टाका. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अळीचा नुसता डाग उरतो. शक्य असेल तर हंगामाच्या सुरुवातीला गावातल्या कृषी केंद्राच्या दारात फ्लेक्स लावू द्या, औषध घ्यायला आलेला माणूस तिथेच उभा असतो. तुमचा विषय कोणता ते लिहिलं नाहीये, सांगाल तर कशाचा फोटो काढायचा तेही सुचवतो.