अमेरिकेतून युरोपात पोलाद पाठवलं तर कार्बनचा भार कोण भरतो?
भरतो युरोपातला आयातदार. अमेरिकी कारखान्याच्या नावाने बिल निघत नाही. युरोपीय संघाच्या २०२३/९५६ या नियमानुसार १ जानेवारी २०२६ पासूनच्या आयातीवर, माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनाच्या हिशोबाने प्रमाणपत्रं त्यालाच विकत घ्यावी लागतात. पण भाव ठरवताना तो हा भार उत्पादकावर ढकलणारच. म्हणून कारखान्याने उत्सर्जनाचे पडताळलेले आकडे जरूर द्यावेत. नाहीतर ठरावीक, सहसा चढे आकडे धरले जातात. भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीचं पोलाद इथे खरंच फायद्यात राहतं, आणि अमेरिकेत बहुतांश पोलाद तसंच बनतं. आयातदाराचा या नियमाखाली येणारा माल वर्षाला एकूण ५० टनांपर्यंतच असेल, तर मात्र यातून सूट आहे.