शालेय पोषण आहाराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात ओल्या कचऱ्याच्या बायोगॅसवर सगळा स्वयंपाक होईल का?

नाही. १०० किलो ओल्या कचऱ्यातून साधारण ८ ते १० घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे जेमतेम ४ किलो एलपीजी. जेवण मात्र मोठं असतं: पहिली ते पाचवीच्या १००० मुलांना रोज १०० किलो तांदूळ आणि २० किलो डाळ लागते. म्हणून आधी इंधन वाचवा. डाळ तासभर भिजवा, पातेल्यावर झाकण ठेवा, बर्नरची ज्योत पिवळी दिसली की जेट साफ करा.

तरीही संयंत्र बसवाच, कचरा जागीच जिरतो. सुरुवात शेणकाल्याने (शेण आणि पाण्याच्या मिश्रणाने) करा आणि कचरा तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. बारीक करून तेवढंच पाणी घाला. बहुतेक संयंत्रं बिघडतात ती आंबून: एखाद्या दिवशी उरलेला भात सगळा एकदम ओतला जातो, आम्ल वाढतं, मिथेन घटतो आणि गॅस पेटेनासा होतो. सामू (पीएच, आम्लतेचं माप) ६.५ च्या खाली गेला तर भरणं थांबवा, थोडी चुन्याची निवळी आणि ताजा शेणकाला घाला. लिंबाच्या साली, तेलकट गाळ नको. अंड्यांची टरफलंही नकोत, ती तळाशी साचतात. बाहेर पडणारी स्लरी पातळ करून शाळेच्या परसबागेला द्या.