ऋण, उणे, वजा

एका वाचकाने विचारले आहे: "मुलीला असमानता शिकवताना शब्दांपाशीच अडखळायला होते. −३ ला नकारात्मक संख्या म्हणायचे, ऋण संख्या म्हणायचे, की उणे तीन? आणि दोन्ही बाजूंना अशा संख्येने गुणले की < चे > होते. त्या उलटण्याला मराठीत काही नेमका शब्द आहे का?"

नकारात्मक संख्या म्हणू नका. हा शब्द हल्ली मला सारखा ऐकू येतो आणि दर वेळी कानाला खडा लागतो. उत्तर नकारात्मक असते, प्रतिसाद नकारात्मक असतो. संख्या कशाला नकार देईल? इंग्रजी 'निगेटिव्ह'खाली कोशात जो पहिला अर्थ दिसला तो उचलून गणितात टाकला, एवढाच या शब्दाचा इतिहास. 'निगेटिव्ह'च्या मुळाशी लॅटिनमधले 'नाकारणे' हे क्रियापद आहे, आणि युरोपातल्या गणित्यांनी या संख्या खरोखरच बराच काळ नाकारल्या. जर्मन गणिती मिखाएल श्टीफेल १५४४ सालच्या ग्रंथातही त्यांना 'असंबद्ध संख्या' म्हणतो. तो नकार त्यांच्या भाषेत राहिला तर राहो. ज्या भाषेकडे या संख्यांसाठी हजार वर्षांहून जुना शब्द आहे, तिने तो उसना का आणावा?

वजा आणि उणे यांचे काम वेगवेगळे आहे, ते झटकन सांगतो. 'वजा' ही क्रिया आहे. अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द. खाली ठेवणे, कापून घेणे हा त्याचा अर्थ. त्याची जोडीदार 'बाकी'ही तिकडचीच. 'उणे' हे संख्येच्या अंगावरचे चिन्ह. म्हणून ३ − (−५) हे मराठीत 'तीन वजा उणे पाच' असे स्वच्छ वाचता येते. 'तीन मायनस मायनस पाच' म्हणणाऱ्या मुलाला दोन मायनसांतला फरक कानाने कळूच शकत नाही. आपल्याकडे दोन शब्द असताना आपण ती सोय फुकट घालवतो.

उणे हा संस्कृत 'ऊन', म्हणजे कमी. हा शब्द आपल्या अंकांत इतका मुरला आहे की दिसत नाही. एकोणीस म्हणजे एकाने ऊन वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत हीच वजाबाकी चालते. नव्व्याण्णवला मात्र रीत मोडते. पाऊण म्हणजे पाद-ऊन, पावाने कमी असलेला एक. पावणेदोन म्हणजे पावाने कमी दोन. मराठी मूल बाराखडी शिकण्याआधी ही वजाबाकी बोलू लागते.

पण उण्याने नेहमी कशापासून तरी कमी, असे सुचते. वीस आहेत म्हणून एकाने उणे. −३ ही कशातून तीन काढून उरलेली वस्तू नाही, ती स्वतंत्र संख्या आहे. नैसर्गिक संख्यांना शून्य जोडले की पूर्ण संख्या होतात; पूर्णांक व्हायला मात्र शून्याच्या पलीकडची अख्खी बाजू लागते. त्या बाजूचे नाव ऋण. वाचताना उणे तीन म्हणा, प्रकार सांगताना ऋण संख्या म्हणा.

ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण यांच्या बेरजेचे नियम सांगितले: दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची ऋण, धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांतले अंतर, आणि दोन्ही समान असतील तर शून्य. आजही वर्गात हेच शिकवतात. भास्कराचार्य 'बीजगणित' या ग्रंथात गुणाकाराचा नियम देतात: 'स्वयोरस्वयोः स्वं वधः स्वर्णघाते क्षयः'. यातले 'स्वर्ण' वाचून सोन्याकडे जाऊ नका. ते स्व अधिक ऋण आहे. स्व म्हणजे आपले, म्हणजे धन. अस्व म्हणजे आपले नसलेले. दोन 'स्व' किंवा दोन 'अस्व' यांचा गुणाकार स्व, आणि स्व-ऋणाचा क्षय, म्हणजे ऋण. ऋण म्हणजे जे 'नाही' ते नव्हे. जे आहे, पण दुसऱ्याच्या बाजूचे आहे, ते ऋण. नकार आणि ऋण यांतला फरक या एका 'अस्व'मध्ये आहे.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. पाणिनीच्या अष्टाध्यायी या संस्कृत व्याकरणाच्या आठव्या अध्यायात, दुसऱ्या पादात एक चिमुकले सूत्र आहे: 'ऋणमाधमर्ण्ये'. 'ऋ' धातूला 'त' प्रत्यय लागून नियमाप्रमाणे 'ऋत' व्हावे. पण देणेकरीपणाचा अर्थ असेल तर त्या त चा न होतो, आणि ऋ च्या शेजारामुळे ण, असे पाणिनी सांगतो. मग देणेकरीपणाचा अर्थ नसेल तर काय? काशिकावृत्ती ही अष्टाध्यायीवरची जुनी टीका लगेच उदाहरण देते: 'ऋतं वक्ष्यामि', मी सत्य बोलेन. म्हणजे ऋत आणि ऋण ही एकाच धातूची, एकाच प्रत्ययाची जुळी भावंडे आहेत. एक सत्य, सुव्यवस्था, दुसरे देणे. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

'ऋ'चा अर्थ जाणे, पोचणे. माझे मत असे की ऋणात 'कमी असणे' मुळात नाहीच. जाणे आहे, म्हणून दिशा आहे. एका भाषातज्ज्ञांनी यावर मला सुनावले होते की शब्दाचा अर्थ वापरातून ठरतो, धातूतून नाही. गणितातले ऋण हे सावकारीच्या वहीतून आले, त्यात दिशा शोधणे म्हणजे ओढाताण. त्यांना भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथातला एक त्रिकोण दाखवायला हवा. बाजू १० आणि १७, पाया ९. लंब टाकला की पायाचे दोन खंड येतात १५ आणि ऋण ६, लंब ८. ताळा सोपा आहे: १०० − ३६ आणि २८९ − २२५, दोन्ही ६४. लंब पायाच्या बाहेर पडतो, आणि ऋण खंडाचा अर्थ भास्कराचार्य स्वतः देतात: 'दिग्वैपरीत्येन', उलट दिशेने. इथे कुठला सावकार आणि कुठले देणे? ११५० सालच्या ग्रंथात ऋण म्हणजे उलटी दिशा, हे लिहून ठेवले आहे. मग ओढाताण माझी कशी?

तेच भास्कराचार्य बीजगणितात मात्र मागे सरतात, आणि ते मला पटत नाही. तिथले एक उदाहरण असे: वानरांच्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली, एक फांदीवर उरले. उत्तरे ५० आणि ५. पाच घेतले तर पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की ऋण दोन, वर्ग चार, फांदीवरचे एक, मिळून पाच. गणित बिनचूक जुळते. तरी हे उत्तर ते सोडतात, कारण लोकांना ऋण संख्येची प्रतीती नसते. त्रिकोणात ज्यांनी प्रतीती करून दिली, त्यांनीच इथे लोकांचे कारण का पुढे करावे?

आता असमानता. मराठीत अजूनही जिवंत असलेली जोडी घ्या: धनको आणि ऋणको. व्यवहार एकच असतो, टोके दोन. पाच येणे असलेला माणूस दोन येणे असलेल्यापेक्षा वर: ५ > २. आता त्याच आकड्यांना दुसऱ्या टोकावरून पाहा, येण्याचे देणे करा. पाच देणे असलेला दोन देणे असलेल्याच्या खाली जातो: −५ < −२. −१ ने गुणणे म्हणजे धनकोला ऋणकोच्या जागी बसवणे. आकडे तेच राहतात, क्रम उलटा होतो. म्हणूनच '−१०० ही मोठी ऋण संख्या' हा प्रयोगही चूक. तिचे केवलमूल्य, म्हणजे चिन्ह सोडून उरणारे मूल्य, मोठे आहे, संख्या लहान आहे.

नियमावर विश्वास बसत नसेल तर ऋण संख्येने गुणू किंवा भागूच नका. −२क्ष < ६ घ्या. दोन्ही पक्षांत, म्हणजे बाजूंत, २क्ष मिळवा: ० < ६ + २क्ष. सहा वजा करा: −६ < २क्ष. धन दोनने भागा: −३ < क्ष. चिन्हाला कुणी हात लावला नाही, आणि उत्तर तेच आले, क्ष > −३. क्षचे पद धन होऊन दुसऱ्या पक्षात गेले, एवढेच घडले.

उलटण्याला शब्द विचारला होता. 'चिन्ह बदलते' हा रुळलेला प्रयोग वापरू नका, कारण चिन्ह + आणि − यांनाही म्हणतात. मुले < तसेच ठेवून −३ चे ३ करून येतात ती याच वाक्यामुळे. 'असमानतेची दिशा उलटते' असे म्हणा.