फिटच्या गोळ्या चालू आहेत आणि दिवस गेलेत, आता काय करू?

मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, की ताई मला फिटच्या गोळ्या चालू आहेत, पाळी चुकलीय, बाळात व्यंग येईल का, गोळ्या आजपासूनच बंद करू का. बऱ्याच जणी तर विचारायलाही थांबत नाहीत, गोळ्या बंद करून मोकळ्या होतात आणि मग फोन करतात. म्हणून एक केस सांगते, नाव गाव सगळं बदललंय आणि तिला विचारूनच लिहितेय.

सायली म्हणू तिला. वय २६, माहेर कराडकडचं, सासर पुण्याच्या बाहेरच्या बाजूला. दहावीत पहिली मोठी फिट आली, पण त्याच्या आधी वर्षभर सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके यायचे, चहाचा कप हातातून उडायचा आणि आई ओरडायची की लक्ष कुठंय तुझं. तो फिटचाच एक प्रकार असतो, जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात, वयात येताना सुरू होतो, जागरण झालं की उसळतो आणि गोळी थांबवली की बहुतेकांना परत होतो. त्याच्यावर व्हॅल्प्रोएट फार छान लागू पडतं, एन्कोरेट, वॅल्पारिन ही नावं ऐकली असतील, तेच ते. सायलीलाही लागू पडलं, फिट थांबल्या, बारावी झाली, डिग्री झाली, आणि ती एकच चिठ्ठी वर्षानुवर्षं मेडिकलमध्ये रिपीट होत राहिली. आता १५ वर्षांच्या पोरीसमोर गरोदरपणाचा विषय कोण काढणार, आईबापांना अवघड वाटतं आणि डॉक्टरांच्या दारात रांग लागलेली असते. लग्न ठरताना तरी कुणी बोलायचं, तर तेव्हा सगळा जीव आजार लपवण्यात. मला विचाराल तर खरा घोळ इथं होतो, गोळीला नुसता दोष देऊन काय उपयोग.

लपवणं कसं, तर सासरी पाकिटं दिसू नयेत म्हणून गोळ्या स्ट्रिपमधून काढून कॅल्शियमच्या डबीत भरलेल्या. पावसाळ्याचे दिवस. व्हॅल्प्रोएट हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून तर ते फॉइलमध्ये येतं. ती डबी तिने माझ्यासमोर उघडली तर तळाच्या गोळ्या एकमेकींना चिकटून मऊ पडलेल्या, एक तर माझ्या बोटालाच लागली. म्हणजे बंद करायच्या आधीसुद्धा रोज नक्की किती औषध पोटात जात होतं देव जाणे.

झालं असं की घरी टेस्ट केली, दोन रेघा आल्या, रात्री मोबाईलवर गोळीचं नाव टाकून वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद. तीनचार दिवसांत सकाळचे झटके परत आले आणि मग बाथरूमच्या दारात मोठी फिट. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितली, शेजारचे कांदा घेऊन धावले, चप्पल हुंगवा म्हणणारेही होतेच. (काहीच हुंगवू नका, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांच्या पुढे गेली तर सरळ दवाखाना.) माझ्याकडे आले तेव्हा पाळीच्या हिशोबाने सात आठवडे झाले होते. नवरा गप्प, सासूबाई बोलत होत्या, सायली नुसती डबी हातात फिरवत होती.

पहिलं मी आकडे सांगितले कारण लोकांच्या डोक्यात एकतर शंभर टक्के असतं नाहीतर शून्य. कुठलंही औषध न घेणाऱ्या १०० बायकांतसुद्धा दोन-तीन बाळांना जन्मजात मोठं व्यंग असतंच. व्हॅल्प्रोएटवर तो आकडा साधारण १० वर जातो, मणका उघडा राहणं, हृदयाचे दोष, टाळू फाटलेली असणं असे प्रकार. शिवाय १०० पैकी ३० ते ४० मुलांना पुढे बोलायला, शिकायला, वागण्यात अडचणी येऊ शकतात, आणि हे सोनोग्राफीत दिसत नाही. डोस जितका जास्त तितका धोका जास्त, पण अमुक डोसच्या खाली बिनधास्त असं काही नाही. फोलिक अ‍ॅसिड घ्यायचंच, दिवस राहायच्या आधीपासून घ्यायचं, पण त्याने व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जातो असं समजू नका.

सासूबाईंनी यातलं दहा तेवढं पकडलं. म्हणाल्या, "मग पाडूनच टाकूया ना, विषाची परीक्षा कशाला." मी म्हटलं काकू, दहाला व्यंग म्हणजे नव्वदांना मोठं व्यंग नसतं हेही त्याच आकड्यात आहे, आणि हा निर्णय सायलीचा आहे, आज इथं बसून घ्यायचा नाहीये. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, बाळात गंभीर दोष निघाला तर २४ आठवड्यांनंतरही मेडिकल बोर्डाकडे जाता येतं, आणि व्यंग बघायची मोठी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत होते. घाई करायचं कारण नव्हतं.

मग नवरा पहिल्यांदा बोलला, की एवढं धोक्याचं असेल तर विकतातच कशाला? त्याला थॅलिडोमाइडचं सांगितलं. जर्मनीत १९५७ मध्ये झोपेचं औषध म्हणून आलं, गरोदर बायकांना उलट्यांसाठीही दिलं गेलं, आणि १९६१ च्या शेवटी बाजारातून काढेपर्यंत जगभरात १०,००० च्या वर मुलं हातपाय खुंटलेली अशी जन्माला आली. तेच औषध आज मल्टिपल मायलोमा नावाच्या कॅन्सरसाठी देतात, कुष्ठरोगात अंगावर गाठी उठून ताप येतो त्या रिअ‍ॅक्शनसाठीही देतात, आणि तिथं ते कामाचं आहे, फक्त दिवस जाणार नाहीत याची पक्की खात्री करून. पिंपल्ससाठीच्या आयसोट्रेटिनॉइनचं तेच, लग्नाआधी चेहरा साफ व्हावा म्हणून पोरी घेतात, कोर्स संपल्यावरही महिनाभर गर्भ राहू द्यायचा नाही हे किती जणींना सांगितलेलं असतं? व्हॅल्प्रोएटही त्यातलंच. पुरुषाला, म्हाताऱ्या माणसाला किंवा दुसरं काहीच लागू न पडणाऱ्याला ते जीव वाचवणारं औषध आहे. मूल होण्याच्या वयातल्या मुलीला मात्र दुसरा पर्याय आधी बघायचा, आणि ते नाइलाजाने दिलंच तर गर्भनिरोधनाची सोय त्याच दिवशी बोलायची. युरोपात २०१८ पासून हे नियमातच घातलंय.

आता सायलीला सगळ्यात पटलेली गोष्ट. बाळाच्या मणक्याची नळी चेन लावल्यासारखी मिटत जाते आणि गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत पूर्ण मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कित्येकींना तोपर्यंत कळलेलंही नसतं. सायलीची ती वेळ गोळी बंद करायच्या आधीच निघून गेली होती. म्हणजे मणक्यापुरतं बोलायचं तर घाबरून गोळी टाकण्याने काहीच मिळालं नाही, उलट फिट ओढवून घेतली. मोठ्या फिटमध्ये आईचा श्वास अडकतो, बाळाचा ऑक्सिजन कमी होतो, पडून पोटाला मार लागतो, फिट एकामागून एक येत राहिल्या तर जीव जातो. मेंदूची वाढ मात्र नऊ महिने चालूच असते, म्हणून गोळी बदलण्याला अजूनही अर्थ होता, पण बदलणं डॉक्टरच्या हाताने.

त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी लेव्हेटिरॅसिटॅम ही फिटचीच दुसरी गोळी लगेच सुरू केली, ती पटकन वाढवता येते, व्हॅल्प्रोएट कमी डोसवर परत चालू करून पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू काढलं. हे सायलीचं झालं, तुमचं वेगळं असू शकतं, कुणाकुणाची फिट व्हॅल्प्रोएटशिवाय आवरतच नाही. लॅमोट्रिजिन हाही चांगला पर्याय आहे, या दोन्हींवर व्यंगाचं प्रमाण औषध न घेणाऱ्यांच्या जवळपासच असतं, पण लॅमोट्रिजिन फार हळू चढवावं लागतं नाहीतर अंगावर भयंकर पुरळ येऊ शकतो, आणि आधीपासून व्हॅल्प्रोएट चालू असेल तर अजूनच हळू. म्हणून म्हणते की दिवस राहायच्या निदान सहा महिने आधी या, तेवढा वेळ हाताशी असला की निवांत बदल करता येतो, नवीन गोळीवर फिट आटोक्यात राहते का तेही कळतं. गरोदरपणात या गोळ्यांची रक्तातली पातळी घसरते, त्यामुळे डोस वाढवला तर दचकू नका. आणि एक सांगते, केरळात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये १९९८ पासून फिटचा आजार असलेल्या गरोदर बायकांची नोंद ठेवतायत, तिथंही बहुतेकींची बाळं धडधाकटच आहेत.

घरी रडारड झालीच, फसवलं वगैरे बोलणं झालं, सासूबाई माहेरी फोन करून काय काय बोलल्या. कुणीतरी नातेवाईक म्हणाला असलं लग्न कोर्टात रद्द होतं. तसं नाहीये, हिंदू विवाह कायद्यातून फिटचा उल्लेख १९९९ मध्येच काढून टाकलाय. तरी लग्नाआधी सांगावं हे माझं मत, कायद्यासाठी नाही, गोळी उघड्यावर ठेवता यावी म्हणून. नवरा शेवटी स्वतःच मोबाईलवर गोळीचा अलार्म लावायला लागला.

सोनोग्राफीत मोठं काही निघालं नाही, मुलगी झाली. पण पहिले काही आठवडे व्हॅल्प्रोएट पोटात गेलेलं आहे, त्यामुळे सगळं ठीक म्हणून फाइल बंद केली नाही, बसणं, बोलणं, नजर देणं हे बालरोगतज्ज्ञ ठरवून तपासतात आणि शाळेत जाईपर्यंत तपासतील. अंगावरचं दूध चालू आहे, या गोळ्यांवर चालतं. रात्रीची एक वेळ नवरा काढून ठेवलेलं दूध पाजतो म्हणजे सायलीला सलग झोप मिळते, तिच्या आजारात झोप हे अर्धं औषध आहे. आंघोळीला मावशी येतात, ती एकटी बाळाला पाण्यात धरत नाही, कपडे बदलते ते खाली गादीवर.

आणि कॉपर-टी बसवून घेतलीय. जाता जाता, टेग्रिटाल, एप्टोइन, गार्डिनल या फिटच्या गोळ्यांपैकी काही चालू असेल तर नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या नीट काम करत नाहीत, आणि लॅमोट्रिजिनवर असाल तर त्या गोळ्यांनी उलट लॅमोट्रिजिनच कमी पडतं. तेव्हा डॉक्टरकडे जाताना फिटच्या आणि गर्भनिरोधक, दोन्ही गोळ्यांच्या स्ट्रिप सोबत न्या, सगळ्यात शेवटची फिट कधी आली ती तारीख लिहून न्या, आणि मूल कधी हवंय किंवा नकोय हे त्यांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.