शब्दशंका: ‘चार्ज’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न: एकाच दिवशीच्या वर्तमानपत्रात मला ‘चार्जशीट दाखल’, ‘आंदोलकांवर लाठीचार्ज’ आणि ‘अतिरिक्त चार्ज उपायुक्तांकडे’ असे तीन मथळे दिसले, शेजारी नातू मोबाइल चार्जिंगला लावण्यासाठी हट्ट धरून बसला होता. हा एकच शब्द आहे, की योगायोगाने सारखे दिसणारे चार शब्द आहेत? या सर्वांना पुरेल असा एकच मराठी प्रतिशब्द का नाही?

उत्तर: शब्द एकच आहे आणि त्याच्या मुळाशी ओझे वाहणारी गाडी आहे. आजच्या फ्रान्सच्या प्रदेशात राहणाऱ्या गॉल लोकांचा गाडीसाठीचा शब्द लॅटिनने उचलला, तो ‘कार्रुस’. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कार्रिकारे’, म्हणजे गाडीत माल भरणे, हे क्रियापद तयार झाले. ते जुन्या फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या सुमारास ‘चार्ज’ या रूपाने इंग्रजीत आले. ‘कार’, ‘कॅरी’ आणि स्पॅनिशमार्गे आलेला ‘कार्गो’ ही याच कुळातील भावंडे आहेत. व्यंगचित्राला ‘कॅरिकेचर’ म्हणतात तेही इटालियनमधील ‘लादणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून, कारण त्यात नाकाडोळ्यांवर वाजवीपेक्षा जास्त भार टाकलेला असतो.

‘लादणे’ हा मूळ अर्थ हाताशी धरला की बाकीचे अर्थ आपोआप उलगडत जातात. माणसावर जबाबदारी लादली की तो पदाचा चार्ज. त्याच्यावर गुन्हा लादला की न्यायालयातील चार्ज. त्याच्या खात्यावर रक्कम लादली की बँकेचे चार्जेस. गंमत अशी, की मराठीनेही हीच वाट स्वतंत्रपणे चोखाळली आहे. आपण ‘पदभार’ स्वीकारतो आणि ‘कार्यभार’ सोपवतो. ‘आरोप’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही ‘वर चढवणे’ असाच आहे. शेतजमीन तारण ठेवून कर्ज काढले की सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘बोजा’ चढतो आणि कर्ज फिटल्यावर तो उतरवून घ्यावा लागतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०० मध्ये ज्याला ‘चार्ज’ म्हटले आहे, त्याला आपल्याकडील शेतकऱ्याने वापरलेला ‘बोजा’ हा शब्द इतका नेमका आहे, की कोशकारांनी त्याच्याकडे शिकायला जावे.

बंदुकीत दारूगोळा भरणे हेही लादणेच. आपण बंदुकीचा ‘बार’ भरतो, आणि फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे. ‘बारदान’ या शब्दात तो आजही आहे. तुमच्या नातवाचा मोबाइल या बंदुकीच्याच वाटेने येतो. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन फ्रँकलिन काचेच्या बरण्यांमध्ये वीज साठवण्याचे प्रयोग करत होता. बंदूक भरावी तशी बरणी भरायची, म्हणून ‘चार्ज’. आणि अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्या की तोफांच्या रांगेसारख्या दिसतात, म्हणून ‘बॅटरी’. दोन्ही शब्द तोफखान्यातून आले, हे आज मोबाइल उशाशी घेऊन झोपणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

लाठीचार्जचा मार्ग थोडा आडवळणाचा आहे. शस्त्र रोखून सज्ज करणे यालाही ‘चार्ज’ म्हणत आणि तेथून ते शस्त्र रोखून शत्रूवर धावून जाणे असा अर्थ आला. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली बालाक्लावा येथे इंग्रज घोडदळाने रशियन तोफांवर केलेला चार्ज प्रसिद्धच आहे. म्हणून ‘लाठीमार’ हा आपला रूढ पर्याय सोपा असला तरी अर्थाने थोडा वेगळा आहे: त्यात मार आहे, तुकडीने धावून जाणे नाही. ‘लाठीहल्ला’ मला अधिक जवळचा वाटतो.

चार्जशीटबाबत एक सावधगिरी सुचवतो. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात सादर करतात ते ‘दोषारोपपत्र’. कायद्यात त्याचे नाव नुसते ‘पोलीस अहवाल’ असे आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली दाखल होई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती तरतूद कलम १९३ मध्ये आहे. प्रत्यक्ष ‘चार्ज’, म्हणजे दोषारोप, निश्चित करते ते न्यायालय, आणि तेही त्यानंतर. बातमीदार या दोन पायऱ्यांची अनेकदा गल्लत करतात.

एकच प्रतिशब्द नाही याची खंत करण्याचे कारण नाही. पदभार, बोजा, दोषारोप, प्रभार असे वेगवेगळे शब्द असल्यामुळे मराठी वाक्यात संदर्भ न पाहताही अर्थ कळतो. मात्र नातवाला ‘भ्रमणध्वनी प्रभारित कर’ असे सांगू नये. तो ऐकणार नाही, आणि ते योग्यच होईल.

प्रश्न: माझ्या विजेच्या बिलावर ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ आणि ‘मंजूर भार’ असे शब्द असतात. चार्ज म्हणजे भार असेल, तर येथे ‘आकार’ कसा? तसेच चार्ज, फी, फेअर, प्राइस आणि कॉस्ट यांत भेद कोणता?

उत्तर: बिलावरचा ‘मंजूर भार’ हा इंग्रजी ‘लोड’चा अनुवाद आहे, म्हणजे तुमच्या जोडणीवर किती किलोवॅट वीज वापरण्यास परवानगी आहे तो आकडा. पैशांच्या चार्जसाठी महसुली मराठीतील ‘आकार’ घेतला आहे. शेतसाऱ्याची ‘आकारणी’ होते, तोच हा शब्द. ‘भार’ आधीच अडकलेला असल्यामुळे ही निवड शहाणपणाची ठरली, कारण एकाच कागदावर दोन भार असते तर ग्राहकाचा गोंधळ वाढला असता.

आता समानार्थी शब्दांचे. दुकानातून घरी न्यायच्या वस्तूची असते ती प्राइस, म्हणजे किंमत. ती वस्तू तयार करायला किंवा मिळवायला जे पडते ती कॉस्ट, म्हणजे खर्च. प्रवासाचे भाडे ते फेअर. डॉक्टर, वकील, शाळा यांना द्यायची ती फी किंवा शुल्क. सेवेबद्दल लावलेली रक्कम म्हणजे चार्ज: घरपोच देण्याचा, दुरुस्तीचा, धनादेश न वटल्याचा. क्रियापद म्हणून मात्र चार्ज सर्वत्र चालते. डॉक्टरही फी ‘चार्ज’ करतात. आरोपाच्या अर्थाने वापरताना शब्दयोगी अव्यय सांभाळावे: इंग्रजीत ‘अक्यूज्ड’नंतर ‘ऑफ’ येते आणि ‘चार्ज्ड’नंतर ‘विथ’.

प्रश्न: ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत एका ‘द’ने काय फरक पडतो?

उत्तर: मालक आणि चाकर यांची अदलाबदल होते. परिचारिका बाळाच्या ‘इन चार्ज’ असते, तर बाळ परिचारिकेच्या ‘इन द चार्ज’ असते. सांभाळायला दिलेल्या मुलालाच ‘चार्ज’ म्हणण्याचीही इंग्रजीत रीत आहे.

प्रश्न: १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर ‘चार्जर’मध्ये घालून मागितले आहे. हा कोणता चार्जर?

उत्तर: जिच्यावर भरपूर वाढता येते, म्हणजे लादता येते, अशी मोठी थोरली थाळी. मराठी बायबलमध्ये त्या जागी ‘तबक’ आहे.