फुटबॉल मॅनेजरमध्ये २०१५-१६ ची लेस्टर सिटी उभी करायला नुसती ४-४-२ का पुरत नाही?

तुमचा प्रश्न असा: फुटबॉल मॅनेजर २०२४ या कॉम्प्युटर गेममध्ये लिव्हरपूल घेतला, ४-४-२ (चार बचावात, चार मधल्या फळीत, दोन पुढे) लावली, तयार शैलींतली 'डायरेक्ट काउंटर अटॅक' निवडली. तरी साठ टक्के वेळ चेंडू तुमच्याकडेच राहतो, समोरचे दहाजण आपल्या गोलपुढच्या बॉक्सपाशी ठाण मांडतात, गोल होत नाहीत आणि हे मॅनेजर रानिएरीच्या हाताखाली २०१५-१६ ची प्रीमियर लीग जिंकलेल्या लेस्टरसारखं कुठूनच दिसत नाही. असं का, आणि कोणाला कोणता रोल (भूमिका) द्यायचा?

लिव्हरपूल घेतल्यामुळे. बाकीच्या सेटिंगचं नंतर बघू.

गेममधला विरोधी मॅनेजर सामन्याआधी त्याची आणि तुमची पत जोखतो. तुम्ही वरचढ असाल तर तो मागे बसतो आणि बरोबरीवर खूश असतो. काउंटर अटॅकला, म्हणजे चेंडू हिसकावून झटक्यात केलेल्या उलट हल्ल्याला, लागते बचावफळीमागची मोकळी जागा, आणि नेमकी तीच तो देत नाही. तुम्ही 'काउंटर'वर टिक केली म्हणून ती जागा पैदा होत नाही, समोरच्याला ती सोडायची हाव सुटावी लागते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये लेस्टरला ती सगळ्यांनी सोडली, कारण त्यांना कोणी मोजतच नव्हतं. आदल्या मोसमात हा संघ नाताळला तळाला होता. शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून १४ वा आला. विजेतेपदासाठी ब्रिटिश बुकींचा भाव होता ५००० ला १. अशा संघापुढे बचाव करत कोण बसणार? सगळे चढून आले आणि लेस्टरचा स्ट्रायकर जेमी वार्डी त्यांच्या पाठीमागे धावत सुटला.

मी बडोद्याचा. आमच्या दांडिया बाजारात चारजण जमले की विषय क्रिकेटचाच निघतो, पण लेस्टर हे गाव मात्र सगळ्यांच्या तोंडी. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेल्यांपैकी कितीतरी गुजराती कुटुंबं तिथे स्थिरावली, आणि इथल्या बऱ्याच घरांचं कोणी ना कोणी तिकडे बेलग्रेव्ह रोडच्या आसपास आहे. २०१६ च्या मे महिन्यात, ऑफसाइड म्हणजे काय हे आजतागायत न कळलेल्या शेजारच्या काकींनी मला जिन्यात थांबवून 'आपणुं लेस्टर जीती गयुं' म्हणून पेढा दिला होता. त्यांचा भाचा दर डिसेंबरात एनआरआय मंडळींच्या लोंढ्यात इथे येतो. त्याने ते सामने स्टँडमध्ये बसून पाहिलेत. तो म्हणतो, टीव्हीवर चेंडू दिसतो, स्टँडमधून रांगा दिसतात. खऱ्या संघाची नक्कल करायला निघालेल्या माणसाला याहून उपयोगी गोष्ट मला तरी कोणी सांगितलेली नाही.

कारण २०२४ च्या गेममध्ये टॅक्टिक्सच्या पडद्यावर तुम्ही जी मांडणी करता, ती चेंडू जवळ *नसतानाची* असते. चेंडू आल्यावर कोण कुठे जाणार हे रोल ठरवतात. बहुतेक लोक टीव्हीवर हल्ल्याच्या वेळचा आकार पाहतात आणि तोच मांडून ठेवतात. मँचेस्टर सिटी २०२२-२३ मध्ये चेंडू असताना ३-२-४-१ अशी दिसायची, जॉन स्टोन्स बचावातून पुढे मधल्या फळीत जायचा. चेंडू गेला की तोच संघ बहुतेक वेळा ४-४-२ मध्ये उभा. पडद्यावर ३-२-४-१ मांडलीत तर तुमचा संघ बचावही तसाच करेल आणि दोन्ही कडांना भगदाडं पडतील. लेस्टरच्या बाबतीत हा घोळ कमी, कारण त्यांचे दोन्ही आकार जवळपास सारखेच होते. चौघांच्या दोन रांगा, एकमेकींना चिकटून, आडव्याही आखडलेल्या. पुढून शिंजी ओकाझाकी खाली येऊन प्रतिस्पर्ध्याच्या मधल्या खेळाडूवर सावली धरायचा, म्हणजे प्रत्यक्षात ४-४-१-१.

आता त्या रांगा तशा *का* होत्या ते बघा, कारण गेममध्ये नक्कल याच्याच जोरावर जमते. मधले बचावपटू वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हूथ दोघेही उंच, दणकट आणि धावायला संथ. त्यांना पुढे उभं केलं असतं तर प्रत्येक लांब पासवर शर्यत हरले असते. म्हणून बचावफळी खाली. ती खाली, म्हणून मधली फळीही खाली. बाजूने क्रॉस, म्हणजे गोलपुढे उंच मारलेले पास, येत असतील तर येऊ देत, हूथ डोक्याने उडवेलच. म्हणजे 'इन्व्हाइट क्रॉसेस' ही सेटिंग तिथे मुळात दोन माणसांच्या उंचीतून येते. आता तुमच्या लिव्हरपूलमध्ये वॅन डाइक आणि कोनाते आहेत, दोघेही वेगवान. त्यांना बॉक्समध्ये उभं करून क्रॉस झेलायला लावणं म्हणजे इरफान पठाणच्या नव्या चेंडूसाठी लावलेल्या तीन स्लिप तशाच ठेवून ऑफस्पिनरच्या हाती चेंडू देणं.

कांतेचंही तसंच. लोक म्हणतात, मधल्या फळीतल्या एन्गोलो कांतेसाठी 'बॉल विनिंग मिडफिल्डर' लावा. लावा, पण तो चेंडू हिसकावायचा याच्याइतकंच महत्त्वाचं हे की त्याच्यामुळे रियाद माहरेझची सुटका व्हायची. माहरेझ उजव्या बाजूला, डाव्या पायाचा, आत वळणारा आणि परत धावण्याचा भारी कंटाळा असलेला. त्याने सोडलेली जागा कांते आणि मागचा डॅनी सिम्पसन भरून काढायचे. डाव्या बाजूला मार्क ऑलब्राइटन उलट स्वभावाचा, अखंड वरखाली. एक बाजू कलावंताची, दुसरी हमालाची, आणि मधोमध सगळ्यांचा हिशेब सांभाळणारा. गेममध्ये हे तिघे एकमेकांवर अवलंबून आहेत. स्टॅमिना, वर्क रेट आणि अँटिसिपेशन तिन्ही चांगलं असलेला माणूस मध्यभागी नसेल, तर उजवीकडे 'इन्व्हर्टेड विंगर, अटॅक' लावू नका. सरळ दोन्हीकडे ऑलब्राइटन लावा आणि माहरेझ विसरा.

रोलची यादी तुम्ही मागितलीत म्हणून एका दमात देतो. वार्डीला 'ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड'. ओकाझाकीला 'प्रेसिंग फॉरवर्ड, सपोर्ट'. ऑलब्राइटनला 'वाइड मिडफिल्डर, सपोर्ट'. मधल्या फळीत कांतेच्या जोडीच्या ड्रिंकवॉटरला 'डीप लाइंग प्लेमेकर, डिफेन्ड'. दोन्ही फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, 'डिफेन्ड'वर. मधले दोघे 'नो नॉन्सेन्स सेंटर बॅक' किंवा साधे सेंट्रल डिफेंडर. मेंटॅलिटी 'कॉशस' (सावध) किंवा 'बॅलन्स्ड'. पासिंग डायरेक्ट, 'पास इन्टू स्पेस' चालू, 'वर्क बॉल इन्टू बॉक्स' बंद. चेंडू गेल्यावर 'रीग्रुप', म्हणजे मागे येऊन रांगा लावणं. चेंडू गेल्या क्षणी प्रेस करायला, म्हणजे समोरच्यावर धावून जायला, लावणारा 'काउंटर प्रेस' इथे नको, तो लिव्हरपूलच्या माजी मॅनेजर क्लॉपच्या घरचा पाहुणा. बचावफळी 'लोअर' आणि 'लो ब्लॉक'. बरेचजण लेस्टरसाठी 'हाय प्रेस' (सगळ्या संघाने वर चढून प्रेस करणं) सुचवतात, कारण वार्डी बचावपटूंच्या मागे धावताना दिसायचा. मला ते पटत नाही. धावायचे ते दोघे, संघ नाही. त्या दोघांना वैयक्तिक सूचनांमध्ये 'जास्त प्रेस' द्या, काम भागतं.

एक सेटिंग मात्र लोक हमखास विसरतात: गोलकीपरने चेंडू लवकर सोडणं, 'डिस्ट्रिब्यूट क्विकली'. २८ नोव्हेंबर २०१५ चा मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा गोल आठवा, ज्याने वार्डीने सलग अकराव्या लीग सामन्यात गोल करायचा विक्रम केला. कॉर्नर युनायटेडचा होता. कॅस्पर श्मायकलने चेंडू पकडला, लगेच डाव्या फुलबॅक क्रिस्टियान फुक्सकडे फेकला, फुक्स धावत सुटला, त्याने वार्डीला आत पास दिला आणि गोल. युनायटेडचे लोक कॉर्नरसाठी वर आलेले, ते परतीच्या वाटेवर असतानाच सगळं उरकलं. ही लेस्टरची पद्धत एका गोलात बघायची तर हाच गोल बघा. तुमच्या गोलकीपरचा थ्रोइंगचा आकडा वीसपैकी आठ असेल, तर हा गोल तुमच्या गेममध्ये कधीच होणार नाही.

आता पुढची गंमत. 'लेस्टरची पद्धत' म्हणताना तुम्हाला कोणती लेस्टर हवी आहे? त्या एका मोसमात दोन होत्या. सुरुवातीला ते गोल करायचे आणि खायचेही तितकेच. २६ सप्टेंबरला आर्सेनलने घरी येऊन ५-२ ने झोडपलं, तेव्हा रानिएरीने वर धावणारे फुलबॅक बाजूला करून सिम्पसन आणि फुक्सला आणलं. तोवर एकाही लीग सामन्यात गोल न खाता सुटका झाली नव्हती. तसं केलंत तर पिझ्झा, असं त्याने खेळाडूंना कबूल केलं होतं, आणि तो पिझ्झा त्यांनी ऑक्टोबरच्या शेवटी क्रिस्टल पॅलेसला १-० हरवून कमावला. मार्चपासून तर संघ पुरता बदलला: वॉटफर्ड, न्यूकॅसल, पॅलेस आणि साउदॅम्प्टन, सलग चार सामने १-० ने. तोवर समोरचे शहाणे झाले होते, जागा मिळेनाशी झाली होती, आणि रानिएरीने कमी जागेत एक गोल काढून दार लावून घ्यायचं तंत्र बसवलं. मोसमअखेर ८१ गुण, ३८ सामन्यांत फक्त तीन पराभव, दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलपेक्षा दहा गुण जास्त. आणि चेंडू ताब्यात ठेवण्याच्या यादीत तळाच्या संघांत!

म्हणून गेममध्ये मोसमाच्या मध्यावर एकदा थांबून बघा. तुमच्याविरुद्ध संघ मागे बसायला लागलेत का? सामन्यानंतरच्या विश्लेषणात विरोधी खेळाडूंच्या सरासरी जागांचा नकाशा असतो, तो नुसता नजरेखालून घाला. त्यांची मागची फळी अर्ध्या मैदानाच्या बरीच खाली सरकली असेल, तर तुमची नोव्हेंबरवाली लेस्टर संपली. तेव्हा दुसरा आराखडा बाहेर काढा: आकार तोच, पण डावा फुलबॅक 'सपोर्ट'वर, प्लेमेकरही 'सपोर्ट'वर, आणि सेट पीसवर (कॉर्नर, फ्री किक) हूथसारख्या माणसाला मुख्य लक्ष्य बनवा. गोल झाला की परत 'कॉशस'.

दुसऱ्या मोसमात तुमचा हा संघ बहुधा ढासळेल. खऱ्या लेस्टरचंही तेच झालं. कांते २०१६ च्या उन्हाळ्यात चेल्सीला गेला आणि तिथे पुढचीही लीग जिंकला. इकडे मॉर्गन, हूथ, वार्डी, माहरेझ सगळे जागेवर असताना संघ खाली खाली गेला. २०१७ च्या फेब्रुवारीत रानिएरीला काढलं आणि शेवटी ते १२ वे आले. एक माणूस गेला तर माहरेझच्या मागची जागा उघडी पडली, आणि विजेत्यांपुढे आता कोणी आंधळेपणाने चढून येत नव्हतं. गेममध्येही तुमची पत वाढते, बोली येतात, कांतेसारखा खेळाडू क्लब सोडायचा हट्ट धरतो. विकायचाच तर आधी स्काउटकडून तशाच आकड्यांची दोन नावं काढून ठेवा, मग विका. पैसे स्ट्रायकरवर उधळू नका.

क्लब कोणता घ्यायचा? २०२४ च्या गेममध्ये खुद्द लेस्टर घेऊ नका, मोह झाला तरी. तो संघ तेव्हा दुसऱ्या विभागात होता, एन्झो मारेस्काच्या हाताखाली चेंडू घोळवत खेळणारा, आणि तिथे पहिल्या क्रमांकाचा दावेदार. म्हणजे तुमची लिव्हरपूलची अडचण तिथे जशीच्या तशी उभी. वार्डी आहे, पण छत्तिशीतला. त्यापेक्षा मोसमाआधीच्या अंदाजात पंधरा ते सतराच्या घरात असलेला कोणताही प्रीमियर लीग संघ घ्या, म्हणजे पहिले दहा सामने तरी लोक तुमच्यावर बिनधास्त चढून येतील.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या २०२६ च्या गेममध्ये चेंडू असतानाची आणि नसतानाची मांडणी वेगवेगळी लावता येते. सिटीसारख्या संघांची नक्कल करणाऱ्यांना ते वरदान आहे. लेस्टरला त्याचा फारसा उपयोग नाही. ओकाझाकीला चेंडू नसताना एक घर खाली आणता येतो, एवढंच.

क्लब ठरला की तुमच्या दोन सेंटर बॅकचे वेग, उंच उडी आणि हेडिंगचे आकडे खाली लिहा, म्हणजे बचावफळी कुठे ठेवायची ते सांगतो.